रामटेके काकांचा दगडी गुलाब

आधी माफी मागते. रामटेके काकांबद्दल लिहायचा हक्क खरं तर त्यांच्या मुलीचा, सुजाताताईचा आहे. नाहीतर त्यांच्यासोबत भट्टीवर तीस-बत्तीस वर्षं उभं राहिलेल्या कोणाचा तरी. मी फक्त त्यांच्या शेजारी भाड्यानं राहणाऱ्यांची मुलगी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. शाळा हिंदीत झाली. मराठी आम्ही घरातच बोलतो आणि बोलता बोलता केव्हा हिंदीत जातो ते कळत नाही. जे काही लिहिता येतं ते काकांमुळे येतं. त्यांनी शिकवलेल्या भाषेत त्यांच्याबद्दल लिहायचं, आणि त्यातही माझ्या हातून झालेलं लिहायचं, म्हणून हे पान तीनदा फाडून झालं. कुठं कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

काकांचं घर भिलाईच्या वैशाली नगरात, आमच्या भिंतीला भिंत लागून. आधी ते कॅम्प-१ या कामगार वस्तीत राहायचे. रिटायर झाल्यावर दोन खोल्यांचं हे घर झालं आणि समोर चार खाटा मावतील एवढं अंगण. मूळचे भंडाऱ्याकडचे. आम्हीही तिकडचेच, म्हणून आमचे बाबा भाड्याचं घर शोधत आले तेव्हा काकांनीच शेजारच्या घरमालकाशी बोलणी करून दिली. बाबा ठेकेदाराकडे कामाला, तिथल्या स्टील प्लांटमध्येच. काका ब्लास्ट फर्नेसच्या कास्ट हाउसमध्ये होते, जिथं भट्टीतून वितळलेलं लोखंड बाहेर काढतात; त्याला टॅपिंग म्हणतात. डाव्या हाताच्या कोपराखाली भाजल्याचे बारीक पांढरे ठिपके होते, भाताचे दाणे सांडावेत तसे. डोळे नेहमी अर्धे मिटलेले. इतकी वर्षं लाल-पिवळ्या धातूकडे पाहून तशी सवय झाली होती म्हणे.

दुसरी सवय हाताची. कुठल्याही गोष्टीवर ते आधी उलटा तळहात धरायचे. चहाच्या कपावर, कुकरवर, माझ्या कपाळावर, उन्हात तापलेल्या सायकलच्या सीटवर. "टेम्परेचर पाहू दे अगुदर," म्हणायचे. माणसांचंही तसंच. आमचे बाबा पाळी संपवून चिडून घरी आले की काका कंपाउंडवरून मला खुणेनं सांगायचे, "आज मेटल गरम हाये. अर्धा घंटा दूर राह्य." आणि खरंच अर्ध्या तासानं बाबा निवळायचे.

मराठी वाचायला त्यांनीच बसवलं. नागपूरचा पेपर त्यांच्याकडे एक दिवस शिळा यायचा. गोंदियाकडून ये-जा करणारे त्यांच्या ओळखीचे एक रेल्वे गार्ड तो आणून द्यायचे. मी एकदा म्हटलं की काका, कालच्या बातम्या आज वाचून काय करायचं? ते म्हणाले, "शिळ्यानं काय होते वं? काल मेलेला आज जिता झाला का?" रविवारी सकाळी मी मोठ्यानं वाचायचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकायचं. मी 'आहे' ऐवजी 'हाये' वाचलं की एक डोळा उघडायचा. मी म्हणायचे, तुम्ही पण तर हाये म्हणता. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: बोलताना जिभेला येईल तसं बोल, पण लिहिलेलं दहा लोक वाचतात, त्यांना अडखळवू नको.

फाटकाबाहेर त्यांनी एक मोठा रांजण ठेवला होता. त्याला बाराही महिने ओलं तरट गुंडाळलेलं. शेजारी लांब दांड्याचा डाव आणि स्टीलचे दोन ग्लास. ग्लास चोरीला जायचे. काकू म्हणायच्या, साखळी लावा. काका साखळी लावायचे नाहीत, नवा ग्लास ठेवायचे. पण त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना खपायचा नाही. रांजणातलं पाणी कोणी कोणाच्या ओंजळीत वरून ओतायचं नाही. ज्याला तहान लागली त्यानं स्वतः डाव बुडवायचा, स्वतःच्या हातानं ग्लास भरायचा. एकदा भाजीवाल्या बाईचे दोन्ही हात टोपलीत अडकलेले होते, म्हणून मी तिच्या तोंडाशी वरून धार धरली. काका घरातून चप्पल न घालता बाहेर आले. माझ्या हातातून डाव घेतला, तिची टोपली स्वतः उतरवून धरली आणि ग्लास तिच्याकडे केला. मला रागावले नाहीत. रात्रीच्या जेवणाआधी बोलावून एवढंच सांगितलं की त्यांच्या गावात विहिरीवर त्यांच्या आईला कोणी हात लावू देत नसे. ती दूर बसून राहायची. कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा आणि ती ओंजळ धरायची. "अर्धं पानी कोपरावरून खाली जाये," ते म्हणाले. "मी लहान होतो. मले वाटे, मायचे कोपर बी पानी पेतेत."

माझी आजी गावाहून आमच्याकडे यायची तेव्हा काकांच्या दारावरूनच यावं लागायचं. ती भर उन्हात यायची आणि रांजणाजवळ थांबायची नाही. काका म्हणायचे, "माय, ऊन लय हाये." ती म्हणायची, तहान नाही. मग आमच्या घरात येऊन दोन तांबे पाणी प्यायची. हे दर उन्हाळ्यात व्हायचं. काका दर वेळी तेच विचारायचे, आणि आजी तेच सांगायची. मला हे लहानपणी नुसतं दिसायचं, समजत नव्हतं. समजलं तेव्हा मी आजीला काही बोलले नाही, याची लाज अजून आहे.

सुजाताताई त्यांची एकुलती मुलगी. नर्स. इथंच एका दवाखान्यात चांगली नोकरी होती. मग तिला परदेशातलं काम मिळालं, माल्टा नावाच्या एका बेटावर, म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात. काका नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं, इथले म्हातारे सोडून तिथले म्हातारे कशाला सांभाळायचे? ताई म्हणाली, मी वर्षभर तयारी केली आहे. तीन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. निघायच्या दिवशी काका अंगणात उभे होते. मी आमच्या पायरीवर होते, म्हणून मला ऐकू आलं. काका म्हणाले, "जाशीन तं जाय. मंग मले फोन नको करू." ताईनं बॅग उचलली आणि म्हणाली, "तुम्ही करान तवाच बोलीन."

दोघं एकाच मातीची. तिनं खरंच वडिलांना फोन केला नाही. दर रविवारी काकूंच्या मोबाइलवर करायची. मोबाइल वाजला की काका उठून बाहेर जायचे आणि स्वच्छ असलेला रांजण पुन्हा घासायला घ्यायचे. काकू मुद्दाम दाराजवळ येऊन मोठ्यानं बोलायच्या. "हो, जेवले तुये बाबा. हो, खोकला कमी हाये." काका घासत राहायचे.

असं वर्ष गेलं. मग एक पाकीट आलं. काकूंना वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र मी वाचलं. ताईनं आईला लिहिलं होतं, पण त्यातलं निम्मं वडिलांसाठी होतं. सोबत कागदाच्या पुडीत खसखशीएवढं बारीक, तपकिरी बी होतं. पत्रात होतं की आमच्या इथं भूमध्य समुद्राच्या काठी दगडात हे झुडूप उगवतं. उन्हाळाभर पावसाचा थेंब नसतो, कोणी पाणी घालत नाही, तरी वसंतात गुलाबी फुलांनी भरून जातं. एक फूल एकच दिवस टिकतं, दुपारनंतर गळतं, दुसऱ्या दिवशी दुसरं येतं. इथले लोक सांगतात की रानात आग लागून गेली की मग याचं बी जागं होतं. बाबांनी इतकी वर्षं आगीजवळ काढली, त्यांना आवडेल. नाव लिहिलं होतं रॉक रोज.

काकांनी आठ दिवस पुडीला हात लावला नाही. नवव्या दिवशी मला विचारलं, रॉक म्हणजे काय? मी सांगितलं, दगड. "म्हंजे दगडी गुलाब," ते म्हणाले, आणि तेच नाव राहिलं.

त्यांनी अर्धं बी एका कुंडीत पेरलं, चांगल्या काळ्या मातीत, शेणखत घालून, रोज पाणी देऊन. महिनाभर काही उगवलं नाही. मग एका रविवारी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आगीचं काय लिवलं हाये ते पुना वाच." मी वाचलं. ते हसायला लागले. "अवं, हे तं आपल्याच खात्यातलं काम हाये."

लोखंडी कढईत वाळू तापवली. उरलेलं बी स्टीलच्या डबीत घातलं आणि डबी वाळूत रोवली. थर्मामीटर नव्हता. वाळूवर पाण्याचा थेंब टाकून तो कसा उडतो ते पाहत होते आणि वर उलटा तळहात धरत होते. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं मोजली. काकू म्हणाल्या, "कायचा हलवा करून राहिले?" काका म्हणाले, "चूप. टॅपिंग चालू हाये."

मातीही बदलली. आमच्या भिलाईत स्लॅग कुठंही मिळतो. लोखंड काढल्यावर उरलेला तो खडबडीत कचरा रस्त्याखाली भरतात, घरांच्या पायात भरतात. काकांनी अंगणाच्या कोपऱ्यात गुडघाभर खड्डा केला, त्यात जुना स्लॅग आणि मुरूम भरला आणि वर उंचवटा केला, पाणी क्षणभरही थांबू नये म्हणून. मला म्हणाले, जन्मभर जे फेकत आलो त्यात आता पोरीचं झाड लावतो आहे, पाहा गंमत. तीन आठवड्यांनी तीन रोपं वर आली. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते आमच्या दारापर्यंत धावत आले, आणि दारात आल्यावर कशाला आलो ते सांगायला लाजले.

पाणी पंधरा दिवसांतून एकदा, रांजणाचा एक ग्लास, तिन्ही रोपांत मिळून. उन्हाळा लागला तसं तेही बंद. भिलाईचा उन्हाळा ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. ती तीन काडीएवढी रोपं पानं आवळून उभी, आणि दहा पावलांवर फाटकाबाहेर भरलेला रांजण. येणारे-जाणारे पाणी पिऊन काकांना बोलायचे. काकूंना तर सहनच व्हायचं नाही. एक दिवस त्या म्हणाल्या, "आपल्या लोकायनं पान्यासाठी मार खाल्ला. आन् तुम्ही दारातल्या जिवाले तहानलं ठेवून राहिले?"

काकांनी त्या तीन रोपांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले बी नाई पाहावत, सुजाताची माय. पन त्याची तहान आन् आपली तहान येक नाई."

काकूंना ते पटलं नाही. काका दुपारी झोपले की त्या भिंतीकडच्या रोपाला गुपचूप तांब्याभर पाणी घालायच्या. मला दिसायचं. मी सांगितलं नाही. खरं तर मला बरंच वाटायचं. पंधरा-वीस दिवसांत ते रोप बुडाशी काळं पडलं आणि आडवं झालं. काकांनी खाली बसून मातीवर तळहात ठेवला. माती ओली होती. काकू दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. काका त्यांना एक शब्द बोलले नाहीत, आत निघून गेले. मला तेव्हा वाटलं, रागानं गप्प झाले.

पावसाळ्यात उलटी तऱ्हा. सगळे लोक झाडांना उन्हापासून झाकतात, काकांनी पावसापासून झाकलं. चार बांबू, वर प्लास्टिकची ताडपत्री, आणि ती वाऱ्यानं उडाली की स्वतःची काळी छत्री घेऊन झाडाजवळ उभे. स्वतः भिजायचे. समोरच्या ऑटोवाल्यानं एकदा हिंदीत विचारलं, "अंकल, पेड़ को सर्दी हो जाएगी क्या?" काका म्हणाले, "हाँ भाई, विदेशी है. अपना होता तो नहा लेता." एवढं करूनही दुसरं रोप सडलं. तिसरं राहिलं.

ते हिवाळ्यात माझ्या गुडघ्याएवढं झालं. पानं खरबरीत, कडेला नागमोडी, आणि हात लावला की चिकट. बोटांना राळेसारखा वास राहायचा, संध्याकाळपर्यंत जायचा नाही. काका एक पान चोळून तळहात नाकाशी धरायचे. एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, ताईले एक फोन करा ना."

"फूल येऊ दे," ते म्हणाले. "फूल आलं का करीन. खाली हात काय बोलू तिच्यासंग?"

माझ्याशिवाय हे त्यांनी कोणाला सांगितलं होतं की नाही, माहीत नाही. पण तेव्हापासून मीही सकाळी कॉलेजला जाताना त्या झाडाकडे पाहायला लागले. जानेवारीत फांद्यांच्या टोकांना कळ्या धरल्या. पाच. काकांनी मला बोलावून मोजून दाखवल्या, आणि मी पुन्हा मोजल्या.

त्याच आठवड्यात त्यांचे पाय सुजले. दवाखान्यात नेलं तर किडन्या गेल्याचं कळलं. ठेवून घेतलं. मशीनवर रक्त साफ करायचं आणि पाणी मोजून प्यायचं. नर्सनं एका बाटलीवर पेनानं रेघा मारून दिल्या, दिवसभरात एवढंच. ज्या माणसानं फाटकावर बारा महिने रांजण ठेवला त्याच्या उशाशी ती बाटली. पहिल्या दिवशी ते हसून म्हणाले, "आता मी बी दगडी गुलाब." काकू हसल्या नाहीत.

मी कॉलेज सुटलं की जायचे. पेपर वाचून दाखवायचे. काकू चोवीस तास तिथंच असायच्या, म्हणून घराची किल्ली माझ्याकडे होती. रांजण भरणं माझं काम, आणि रोज दगडी गुलाबाचं एक पान तोडून नेणं. ते काकांनीच सांगितलं होतं. पान चोळून नाकाशी धरायचे आणि विचारायचे, "कळ्या?" मी सांगायचे, "आहेत. फुगल्यात थोड्या."

एका दुपारी त्यांची बाटली अकरालाच संपली होती. ओठ फुटले होते. काकू औषध आणायला खाली गेल्या होत्या. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरी, एक घोट दे." मी बाटली दाखवली. ते म्हणाले, "मालूम हाये. तरी दे." माझ्या पिशवीत माझी पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली. मी ती काढली नाही. मी वर पंख्याकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच तोंड भिंतीकडे केलं.

घरी आले. रांजण भरला. तरट ओलं केलं. आणि झाडाजवळ जाऊन पाहिलं तर पानं आवळलेली, माती कोरडी ठक्क. ते झाड तसंच असायचं. मला माहीत होतं. कितीदा ऐकलं होतं, कितीदा पाहिलं होतं. पण त्या दिवशी मला ते बघवलं नाही. मी बादली भरली आणि ओतली. पाणी त्या स्लॅगमध्ये लगेच नाहीसं झालं. मला वाटलं, बिचारं किती तहानलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी कुदळीनं बुडाशी आळं केलं, पाणी वाहून जाऊ नये म्हणून त्यात काळी माती आणि शेणखत भरलं, आणि मग रोज संध्याकाळी एक बादली. पंधरा-सोळा दिवस. पहिल्या आठवड्यात पानं तरारली, कळ्या टपोऱ्या झाल्या. मी मनात म्हटलं, काका, तुम्हाला काही कळत नव्हतं. देवाशपथ, असं म्हटलं मी.

मग एका सकाळी सगळं झाड एकदम मान टाकून उभं. बुडाशी काळं. दोन दिवसांत पानं चुरचुरीत झाली. पाचही कळ्या मिटलेल्याच वाळल्या.

मी पान नेणं बंद केलं. पहिल्या दिवशी म्हणाले, आणलं का? मी म्हटलं, विसरले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, घाईत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी पान मागितलंच नाही. त्या दिवशी त्यांचा आवाज फार बारीक झाला होता. डॉक्टरांनी सकाळी काकूंना बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं होतं आणि काकूंचा चेहरा तसा मी आधी पाहिला नव्हता. काकांनी डोळे उघडून मला विचारलं, "फुललं का?"

मी म्हटलं, "फुललं, काका. काल सकाळी."

"कोनता रंग?"

"गुलाबी. दुपारी गळलं, म्हणून आणता नाई आलं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांनी, जसं पेपर वाचताना चुकलं की पाहायचे. मला वाटलं आता पकडतील. पण ते काकूंना म्हणाले, "सुजाताले फोन लाव." काकूंनी मोबाइल माझ्याकडे दिला, नंबर मीच लावला. पलीकडे वाजायला लागल्यावर ते म्हणाले, "तुम्ही भाईर जा."

दाराला गोल काच होती. त्यातून मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं. मोबाइल दोन्ही हातांत तोंडाजवळ धरलेला, कास्ट हाउसच्या आवाजात बोलायचे तसा. आवाज ऐकू येत नव्हता. ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. मध्येच एकदा त्यांनी मोबाइल कानापासून दूर केला आणि त्यावर उलटा तळहात धरला. मग पुन्हा कानाला लावला. बोलणं संपल्यावर हात उंचावून काकूंना आत बोलावलं.

त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी ते गेले. सुजाताताई चौथ्या दिवशी पोचली. विहारातले भन्ते आले, वंदना झाली, लोक आले आणि गेले. संध्याकाळी ताई अंगणात त्या वाळलेल्या झाडापाशी उभी होती. मी जाऊन सगळं सांगायचं ठरवलं होतं. तिनं मिटलेल्या कळ्या बोटांनी चाचपल्या, एक काडी मोडून रुमालात गुंडाळली, आणि माझ्याकडे वळून विचारलं की माझी परीक्षा केव्हा आहे. मी परीक्षेची तारीख सांगितली.

ती परत गेली. काकू आता एकट्या असतात. रांजण मी भरते. मागच्या उन्हाळ्यात आजी आली तेव्हा रांजणाजवळ थांबली. आता कोणी "माय, ऊन लय हाये" म्हणणारं नव्हतं. तिनं डाव बुडवला, ग्लास भरला आणि उभ्यानं प्यायली. मग ग्लास धुऊन उलटा ठेवला. 

या फेब्रुवारीत काकांना वर्ष झालं. त्या रविवारी ताईचा फोन आला तेव्हा मी काकूंजवळच होते. काकूंचं बोलून झाल्यावर मी मोबाइल मागून घेतला आणि अंगणात गेले. वर्षभर जे तोंडाशी येऊन परत जात होतं ते एका दमात सांगितलं. फूल आलं नव्हतं. मी खोटं बोलले. झाड मीच मारलं, पाणी घालून. 

मग ताई म्हणाली, "मले मालूम हाये. बाबांनी त्याच दिवशी सांगतलं होतं. तुले सांगू नको म्हणाले होते, म्हणून नाई बोलली."

मी विचारलं, काय सांगितलं होतं? तिनं ते त्यांच्याच बोलीत, थांबत थांबत सांगितलं.

"म्हणाले, शेजारची पोरगी म्हणते तुयं झाड फुललं. पन तीन दिवस झाले, तिनं पान नाई आणलं. झाड गेलं असन. मी फुलासाठी थांबलो होतो. आता कायच्यासाठी थांबू? तू जेवली का?"

  मग ती म्हणाली की तिनं त्यांना विचारलं होतं, इतकं जपलेलं झाड कसं गेलं असेल. त्यावर ते म्हणाले होते, "पानी टाकलं असन तिनं. मी मांगतलं, तवा तिले देता नाई आलं, तं झाडाले देल्लं असन. तिले काई म्हनजो नको, सुजाता. पानी देल्लं म्हणून कोणाले बोलाव का?"